टोपलीतला परग्रहवासी

‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकी मालिकेचा ‘कॅप्टिव्ह परस्यूट’ हा भाग १९९३ साली प्रसारित झाला. एका अंतराळस्थानकावर मोडके यान घेऊन एक अनोळखी प्राणी येतो. त्याचे नाव टोस्क. कातडी सरड्यासारखी, पण प्राणी हुशार आणि बोलका. यान दुरुस्त करता करता स्थानकावरच्या ओब्रायनशी त्याची मैत्री जमते. मग त्याच्या मागावर असलेले शिकारी येऊन थडकतात आणि उलगडा होतो, की टोस्कची पैदासच शिकारीसाठी केलेली आहे. त्याला बुद्धी दिली ती शिकार रंगावी म्हणून. जिवंत पकडले जाणे ही त्याच्या लेखी नामुष्की. ओब्रायन त्याला पळून जायला मदत करतो आणि शिकार पुन्हा सुरू होते.

प्रेक्षक टोस्कची बाजू लगेच घेतो, कारण टोस्क बोलतो. ज्या प्राण्याला बुद्धी आहे पण बोलता येत नाही, त्याचे काय? हा प्रश्न विचारायला दुसऱ्या ग्रहावर जावे लागत नाही. बुद्धिमान परग्रहवासीयाला भेटल्याचा अनुभव पृथ्वीवर कुठे मिळायचा तर तो ऑक्टोपसला भेटूनच, असे तत्त्वज्ञ पीटर गॉडफ्री-स्मिथ यांनी म्हटले आहे. माणूस आणि ऑक्टोपस यांचा समान पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. तिथून दोन्हीकडे मेंदू वेगवेगळ्या वाटांनी घडला. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी निम्म्याहून अधिक त्याच्या आठ बाहूंत असतात.

ऑक्टोपसचे भाऊबंद मीरा-भाईंदरकरांच्या चांगल्या ओळखीचे आहेत. मासळी बाजारात ‘माकूल’ म्हणून कटलफिश आणि स्क्विड विकले जातात. उत्तनची ओळख बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांची. माकूल मोठ्या प्रमाणात येते ते ट्रॉलरच्या जाळ्यातून. कापताना हात काळे करणारी शाईची पिशवी प्रत्येक घरात ठाऊक असते. किनाऱ्यावर सापडणारे, काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे आणि पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवले जाणारे पांढरे, हलके ‘समुद्रफेन’ म्हणजे कटलफिशच्या अंगातले कवच. त्यातल्या बारीक कप्प्यांतले पाणी आणि वायू यांचे प्रमाण बदलून हा प्राणी पाण्यात वरखाली होतो. त्याला तीन हृदये असतात आणि रक्त निळसर असते, कारण प्राणवायू वाहून नेण्याचे काम तिथे लोहाऐवजी तांबे करते.

हा प्राणी वाट पाहू शकतो. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या अलेक्झांड्रा श्नेल आणि सहकाऱ्यांनी कटलफिशपुढे पर्याय ठेवला : साधे खाणे लगेच, किंवा आवडीचे खाणे थोडे थांबल्यावर. काही कटलफिश १३० सेकंदांपर्यंत थांबले. लहान मुलांच्या संयमाची परीक्षा घेतात, तशीच ही परीक्षा.

बुद्धीपेक्षा कळीचा प्रश्न वेदनेचा. चटका बसताच अंग आक्रसणे ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. वेदना म्हणजे तो त्रास जाणवणे. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाच्या रॉबिन क्रूक यांनी ऑक्टोपसच्या बाहूत सौम्य ॲसिड टोचून त्यांना त्यांच्या आवडत्या कप्प्यात ठेवले. नंतर त्यांनी तो कप्पा टाळला. त्रास होत असताना ज्यांना दुसऱ्या कप्प्यात लिडोकेन देऊन तो भाग बधिर केला, त्यांना मात्र तो कप्पा आवडू लागला. ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया नव्हे. त्रास कुठे झाला आणि आराम कुठे मिळाला, हे त्यांच्या ध्यानात राहिले होते.

लिडोकेन म्हणजे दात काढण्यापूर्वी हिरडीत टोचतात तेच औषध. चेतातंतूतून संदेश कसा धावतो, हे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी उलगडले ते स्क्विडच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून. त्याबद्दल त्यांना १९६३ चे नोबेल मिळाले. बधिर करणारे औषध नेमके काय अडवते, हे माणसाला कळले त्यात माकुलाचा वाटा मोठा आहे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अहवालानंतर ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात या प्राण्यांना संवेदनशील जीव मानले. पण मोठ्या प्रमाणावर परवडेल आणि प्राण्याला यातनाही होणार नाहीत, अशी मारण्याची पद्धत सध्या नाही, असेही त्याच अहवालाने नोंदवले. गळाला लागलेले एखादे माकूल मेंदूवर घाव घालून झटकन मारता येते. ट्रॉलरच्या जाळ्यातल्या ढिगाचे तसे होत नाही. ऑक्टोपसची शेती हा पुढचा टप्पा : टोस्कसारखी मारण्यासाठीच पैदास. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली.

भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव. अन्नासाठी मारण्याला त्यात मुभा आहे, मात्र ‘अनावश्यक’ वेदना देता कामा नयेत. म्हणजे कायद्याच्या शब्दांत माकूल कधीपासूनच आहे.

यातून ताटातले माकूल उचलून ठेवा, असा निष्कर्ष निघत नाही. मासेमारीवर जगणाऱ्या घरांना दोषी ठरवणेही चूक, कारण जलद मारण्याची साधने त्यांच्या हाती कुणी दिलेलीच नाहीत. ती शोधणे हे संशोधकांचे आणि मत्स्य विभागांचे काम आहे. पण अनावश्यक वेदना कोणती हे ठरवायचे, तर आधी वेदना आहे हे मान्य करावे लागते. टोस्कने ते बोलून दाखवले. माकूल बोलणार नाही. त्याच्या भाऊबंद ऑक्टोपसने कप्पा बदलून जे सांगितले, तेवढ्यावरच माणसाला ठरवायचे आहे.