सरळ रेषेबाहेरचे अंतर

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, एल्समीअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर ग्रीस फियर्ड हे जेमतेम दीडशे वस्तीचे इन्युइट गाव आहे. त्याच्या दक्षिणेला, बॅफिन बेटाच्या उत्तर टोकाशी पाँड इनलेट. दोन्ही गावांमधले हवाई अंतर सुमारे 440 किलोमीटर, म्हणजे मुंबईहून गोव्याला विमानाने जावे तेवढेच. भिंतीवरच्या नकाशात मात्र ते अवाढव्य दिसते. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ध्रुवाकडे सरकावे तशी जमीन ताणली जाते आणि 75 अक्षांशाजवळ हा ताण जवळजवळ चौपट होतो. प्रत्यक्षात तिथे रेखावृत्ते एकमेकांच्या जवळ आलेली असतात. मुंबईच्या अक्षांशावर दोन लगतच्या रेखावृत्तांमध्ये सुमारे 105 किलोमीटर अंतर असते, तिथे ते 29 उरते. म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढणारा फसतो. पण गोलाचे गणित अचूक मांडणाराही फसतोच, फक्त उलट्या बाजूने.

कारण सरळ रेषेवरून प्रवास करायला तशी विमानसेवा लागते. नुनावुतमधल्या 25 वस्त्यांपैकी कोणत्याही दोन वस्त्या रस्त्याने जोडलेल्या नाहीत. ग्रीस फियर्डची धावपट्टी खडीची आणि आखूड, तिथे ट्विन ऑटरसारखी छोटी विमानेच उतरतात, आणि गावाची नेहमीची विमानसेवा रेझोल्यूटशी जोडलेली आहे. तेही पश्चिमेला, 380 किलोमीटरवर. तिथून पाँड इनलेटला थेट विमान मिळाले असे धरले, तरी एकूण पल्ला साडेनऊशे किलोमीटरांवर जातो, सरळ अंतराच्या दुपटीहून अधिक. वर धुके, वारा आणि हिवाळ्यातला महिनोन्‌महिन्यांचा अंधार. यावर कोणी म्हणेल, वैमानिकाला तर खरे अंतरच लागते. बरोबर आहे. इंधनाचा हिशेब त्यावरच होतो. पण मुक्कामी उतरता आले नाही तर दुसऱ्या धावपट्टीपर्यंत पुरेल एवढे इंधनही त्याला बरोबर न्यावे लागते, आणि छोट्या विमानात त्याचे वजन सामानाच्या वजनातून कापले जाते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : इतक्या दूर राहायचेच कशाला, आणि त्यांच्या विमानांचा भार सरकारने का उचलावा? हे गाव आपसूक वसलेले नाही. 1953 मध्ये कॅनडा सरकारनेच क्वेबेकच्या उत्तरेतल्या इनुकजुआकमधून इन्युइट कुटुंबे इकडे आणून सोडली, आणि 2010 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. अतिउत्तरेतल्या शिकारीची, तिथल्या काळोखाची त्यांना सवय नव्हती, म्हणून सोबतीला पाँड इनलेटची काही कुटुंबे दिली होती. त्या कुटुंबांच्या वंशजांपैकी कोणाला आज पाँड इनलेटमधल्या आप्तांना भेटायचे झाले, तर नेहमीच्या विमानसेवेने आधी पश्चिमेला, रेझोल्यूटलाच जावे लागते.