तलासरीत सापडलेल्या झिकावर अजून लस का नाही?

जुलै २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यात, एका आश्रमशाळेतील सात वर्षांच्या मुलीला झिकाची लागण झाल्याचं आढळलं. त्याच्या वर्षभर आधी पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला होता. कोरोनाची लस वर्षभरात आली, मग १९४७ पासून माहीत असलेल्या झिकाची का नाही?

उत्तरासाठी आधी जुन्या मुंबईत जाऊ. १८९६ मध्ये तिथे प्लेग आला. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत पोहोचले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. काही कैद्यांनी लस घेतली, काहींनी नाही आणि फरक थोड्याच दिवसांत दिसला. (कैद्यांवरच्या अशा चाचणीला आज परवानगी मिळणं अवघडच!) परळची हाफकिन संस्था याच माणसाच्या नावाची.

म्हणजे लस खरंच वाचवते का, हे कळायला आजूबाजूला साथ सुरू असावी लागते. कोरोनात ती होतीच.

झिकाचं उलटं झालं. ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्माला येऊ लागल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणीबाणी जाहीर केली. जगभर लसीचं काम सुरू झालं, आपल्याकडे भारत बायोटेकनेही केलं. पण नोव्हेंबरमध्ये आणीबाणी उठली. २०१७ मध्ये अमेरिकेतली एक लस चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात पोहोचली, तोवर पुरेसे रुग्णच उरले नव्हते. त्याच वर्षी सानोफी कंपनीने या कामातून अंग काढून घेतलं. गिऱ्हाईक नाही तर दुकान कोण चालवणार?

आणखी एक पेच आहे. झिका आणि डेंग्यू हे एकाच कुळातले विषाणू. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं कधी कधी दुसऱ्याचा आजार वाढवू शकतात. पूर्वी डेंग्यू न झालेल्या मुलांना डेंग्यूची 'डेंगव्हॅक्सिया' लस दिल्यावर पुढे काहींचा आजार जास्त गंभीर झाला आणि फिलिपिन्सने २०१७ मध्ये ती थांबवली. शिवाय झिकाच्या लसीची सर्वाधिक गरज गर्भवतींना आणि नवी लस त्यांच्यावर तपासायला कंपन्या कचरतात.

मग डहाणू-तलासरीत काय करायचं? झिकाचा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. लांबून आणलेलं पाणी 'ओतून द्या' असं पाड्यावर सांगणं हा शहरी सल्ला झाला. पिंपाला कापड घट्ट बांधा आणि ते रिकामं झालं की आतून घासा, कारण अंडी भिंतीला चिकटून कोरड्यातही टिकतात. लागण झालेल्या बहुतेकांना लक्षणंच दिसत नाहीत. गर्भवतीला ताप, अंगावर पुरळ किंवा डोळे लाल दिसले, तर त्याच दिवशी आशाताईंना सांगा.