गणना आणि निवारा : मुंबईतील झोपडवस्त्यांच्या पाहण्यांचा विचार

गृहप्रश्नाचा अभ्यास म्हटला की घरांची संख्या, खोल्यांचे क्षेत्रफळ, माणशी मिळणारी जागा व भाड्याचा दर यांची मोजदाद प्रथम डोळ्यांपुढे येते. अशी मोजदाद ही धोरणापूर्वीची पायरी असून धोरणाच्या फळाशी तिचा प्रत्यक्ष संबंध नसतो, असे सामान्यतः समजले जाते. मुंबईचा १९७६ पासूनचा इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही. या शहरात मोजणी हीच असंख्य कुटुंबांच्या हक्काचा पाया ठरली. म्हणून ती कोणी केली, केव्हा केली आणि तीतून कोण वगळले गेले, हे प्रश्न गृहनीतीच्या केंद्रस्थानी येतात.

आरंभीच्या पाहण्यांचे स्वरूप निराळे होते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि १८९८ साली शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे गिरणी कामगारांच्या खोल्यांतील दाटी हा अभ्यासाचा विषय बनला. कामगार व त्यांची घरे यांवरील बर्नेट-हर्स्ट यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, डॉ. डी. टी. लकडावाला यांनी केलेल्या मुंबईच्या आर्थिक पाहणीचा ग्रंथ १९६३ साली निघाला. लोक कसे राहतात, हा या अभ्यासकांपुढील प्रश्न होता. माहिती देणाऱ्या कुटुंबाचे घर त्या माहितीमुळे राहणार वा जाणार नव्हते.

१९७१ साली महाराष्ट्रात झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास यांविषयीचा कायदा झाला. जानेवारी १९७६ मध्ये मुंबईतील झोपड्यांची एका दिवसात गणना करण्यात आली. झोपड्यांना क्रमांक मिळाले आणि कुटुंबांना छायाचित्रासह ओळखपत्रे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘फोटोपास’, देण्यात आले. येथे गणनेचे स्वरूपच पालटले. पूर्वीची पाहणी स्थितीचे वर्णन करीत असे. ही गणना व्यक्तींची नोंदवही झाली. पदपथांवरील वस्ती मात्र मुख्यतः तिच्या कक्षेबाहेर राहिली.

या नोंदवहीचे सामर्थ्य १९८५ साली दिसून आले. जुलै १९८१ मध्ये राज्यशासनाने पदपथावरील रहिवाशांना हटविण्याचा निर्णय जाहीर केला होता. त्याविरुद्ध दाखल झालेल्या अर्जांवर, ओल्गा टेलिस प्रकरण म्हणून प्रसिद्ध असलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी दिला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालाने जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत असल्याचे मान्य केले. पण पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. ज्यांच्या झोपड्यांना १९७६ च्या गणनेत क्रमांक पडले व ज्यांना ओळखपत्रे मिळाली, त्यांना पर्यायी जागा दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. पदपथावरील जे त्या गणनेत आले असतील, त्यांनाही पर्यायी जागा द्यावी, परंतु ती त्यांना हटविण्याची पूर्वअट समजू नये, असे सांगितले. एका दिवसाच्या मोजणीत नाव असणे वा नसणे, यावर नऊ वर्षांनंतर निवारा अवलंबून राहिला.

त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळा व आसपासच्या भागातील पदपथांवर राहणाऱ्या सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. पदपथावरील माणूस म्हणजे भटका वा तात्पुरता पाहुणा, ही कल्पना तिने दूर केली. ही कुटुंबे श्रम करून पोट भरणारी होती. प्रवासाचा व भाड्याचा खर्च मजुरीत भागत नसल्याने ती कामाच्या ठिकाणी पायी जाता येईल अशा जागी राहत होती. येथे संशोधन व लोकपक्षाचे समर्थन यांची सांगड पडली. ज्यांची नोंद शासनाजवळ नव्हती, त्यांच्याजवळ आता स्वतःविषयीची माहिती होती व तिच्या आधारे त्यांना अधिकाऱ्यांशी बोलता येत होते.

पुढील काळात गणनेची जागा पात्रतेच्या तारखेने घेतली. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. खाजगी विकासकाने झोपडीधारकांना विनामूल्य घरे बांधून द्यावी आणि वाढीव बांधकाम बाजारात विकून खर्च व नफा काढावा, अशी ही योजना आहे. तिच्यासाठी १ जानेवारी १९९५ ही पात्रतेची मर्यादा होती. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती १ जानेवारी २००० झाली. नंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना मोल देऊन घर मिळण्याची सोय करण्यात आली. अशा व्यवस्थेत मतदारयादीतील नाव वा विजेचे जुने देयक हे घराच्या भिंतीइतकेच मोलाचे ठरते. भाड्याने राहणारा आणि माळ्यावर राहणारा यांचे स्थान मात्र दुबळे राहते. कारण नोंद झोपडीची होते, तीत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची होत नाही.

याचा परिणाम संशोधनावरही होतो. “येथे किती वर्षे राहता?” हा प्रश्न आता निर्हेतुक राहिलेला नाही. उत्तर देणाऱ्यास त्यात आपले घर दिसते. वगळले जाण्याच्या भीतीने कोणी मुदत वाढवून सांगतो, तर कोणी भाडेकरूचा उल्लेख टाळतो. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या लोकसंख्येपैकी सुमारे ४२ टक्के लोक झोपडवस्त्यांत राहत होते. एवढ्या मोठ्या समुदायाविषयीची माहिती जर पात्रतेच्या छायेतच गोळा होऊ लागली, तर गृहनीतीला आधारभूत असे विश्वसनीय आकडे मिळणे कठीण होईल.

यास्तव दोन कार्ये वेगळी राखणे अवश्य आहे. स्थितीची पाहणी नावांशिवाय व्हावी, म्हणजे उत्तरे निर्भय मिळतील. पात्रतेची यादी वस्तीत उघडपणे वाचली जावी, तिच्यावर हरकती घेण्यास पुरेसा अवधी असावा आणि जे अपात्र ठरले त्यांचीही कारणांसह नोंद राहावी. धारावीत २०२४ साली सुरू झालेल्या सर्वेक्षणाने हा प्रश्न पुन्हा समोर आणला आहे. यादीत किती कुटुंबे आली, एवढ्यावरून कोणत्याही गणनेचे मूल्य ठरत नाही. जी आली नाहीत त्यांचे पुढे काय झाले, याचे उत्तरही तिच्यापासून मिळाले पाहिजे.