आकडा तोच, अर्थ वेगळा

मिनिटाला 140 ठोके ही नाडी नवजात बाळाची असेल तर काळजीचं कारण नाही. तीच शांत बसलेल्या चाळिशीतल्या माणसाची असेल तर धावपळ करावी लागते. तातडीच्या उपचारात वय ही केसपेपरवरची नुसती नोंद नसते, बाकीचे आकडे कसे वाचायचे हे वयच ठरवतं. मुलांचंच बघा. रक्तस्राव झाला की त्यांच्या रक्तवाहिन्या जोरात आकसतात, हृदय वेगानं धावतं आणि रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. तो घसरतो तेव्हा हाती फार थोडा वेळ उरलेला असतो. म्हणून जाणते डॉक्टर आधी तळपाय गार पडलेत का आणि दाबून सोडलेल्या नखाला गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात का, हे पाहतात. उतारवयात फसगत वेगळी. बीटा-ब्लॉकरची गोळी चालू असेल तर शरीर संकटात असूनही नाडी फारशी वाढत नाही, आणि एरवी वरचा रक्तदाब 160 असणाऱ्या आजींचा अपघातानंतरचा 110 हा धोक्याचा इशारा असू शकतो.

यावर कुणी म्हणेल, घाईत एवढा विचार कोण करणार? श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम तर सगळ्यांना सारखाच. क्रम सारखाच आहे आणि तसाच राहायला हवा. पण विचार आधी करून ठेवता येतो. मुलाच्या उंचीवरून औषधाची मात्रा सांगणारी रंगीत ब्रोसलो पट्टी त्यासाठीच आहे. 108 ची गाडी दारात येईल तेव्हा रुग्णाचं वय, मुलाचं वजन आणि वडीलधाऱ्यांच्या चालू गोळ्या न विचारता सांगा.