वहीत तारीख कशी मांडावी?



पेरणी कधी केली, म्हैस कधी भरवली, उसने पैसे कधी दिले, याची नोंद आता बरेच जण ठेवतात. पण वही उघडून पाहावी तर कुठं 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी', कुठं 'वद्य पंचमी', कुठं नुसतं '५/६'. वर्षभरानं हिशेबाला बसलं की मग घोळ होतो.

आधी तिथीचं पाहू. आपला चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने धरले तर ३५४ दिवस भरतात, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. ही तूट भरून काढायला सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो, ज्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. सणावाराला हे ठीक आहे. पण सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरवला असेल तर काय होतं बघा. २०२३ चा गुढीपाडवा २२ मार्चला होता आणि २०२४ चा ९ एप्रिलला. दिवस झाले ३८४. पुढचा पाडवा आला ३० मार्च २०२५ ला, म्हणजे ३५५ दिवसांत. साल दोन्ही वेळा एकच, पगार एकच, आणि कामाच्या दिवसांत फरक एकोणतीस! धोंड्याच्या महिन्याची मजुरी द्यायची की नाही, यावरून चांगली माणसं तुटतात. व्याजाचंही तसंच. बारा महिन्यांचं लावायचं की तेरा? म्हणून पाडव्याला नारळ जरूर फोडा, पण कागदावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं दोघांच्या समोर लिहा.

नक्षत्रांची गोष्ट वेगळी. मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रं सूर्यावरून धरतात, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. जुन्या जाणत्यांनी पेरणीला नक्षत्र धरलं, तिथी धरली नाही, ते उगीच नव्हे.

खानदेश-विदर्भातल्या बंधूंनी आणखी एक ध्यानात घ्यावं. आपला महिना अमावास्येला संपतो, तर उत्तरेकडे पौर्णिमेला. आपला श्रावण वद्य तो मध्य प्रदेशातल्या व्यापाऱ्याचा भाद्रपद. तिथीवर वायदा केला तर महिन्याच्या नावावरूनच भांडण लागायचं. सरकारी सौर दिनांक तर तिसराच. त्याचा चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला सुरू होतो. पंचांगातल्या चैत्राशी त्याची गल्लत करू नये.

मग इंग्रजी तारीख लिहायची, पण तीही नीट. '५/६' म्हणजे आपल्याकडे पाच जून, पण अमेरिकेत सहा मे. बाहेरून आलेल्या औषधाच्या बाटलीवर असं काही दिसलं तर दुकानदाराला विचारूनच घ्या. आपल्या वहीत महिना अक्षरी लिहावा आणि साल चारी आकडी: '५ जून २०२५'. साल तोडून लिहू नये. २०२० साली कुणी चिठ्ठीवर '५/६/२०' लिहिलं असेल, तर पुढं '१८' जोडून ती सहज २०१८ ची करता येते. मागताच फेडायच्या वचनचिठ्ठीवर दावा लावायची मुदत तिच्या तारखेपासून तीन वर्षं असते. दोन आकड्यांनी दोन वर्षं गेली म्हणायची! चेकवरही साल पूर्ण घाला, तो तारखेपासून तीनच महिने चालतो.

जनावरांच्या नोंदीत तर तारखेवाचून चालतच नाही. गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांनी. १० ऑगस्टला म्हैस भरवली तर पुढल्या १६ जूनच्या आसपास विणार. दोन महिने आधी आटवायची, म्हणजे एप्रिलच्या मध्याला धार बंद करायला घ्यावी. भरवल्यावर एकविसाव्या दिवशी पुन्हा माजावर आली का, हेही तारखेवरूनच कळतं. 'नागपंचमीच्या सुमारास' लिहून हे दिवस कसे मोजणार?

तिथीची सवय सुटत नसेल तर सोडू नका. तारखेच्या शेजारी कंसात तिथी लिहा: '८ जून २०२५ (मृग), कापूस लावला'. घरातली म्हातारी माणसं विचारतील तेव्हा सांगता येईल. बियाण्याची पिशवी फोडल्यावर तिचं लेबल फेकू नये. त्यावर चाचणीची तारीख आणि मुदत असते. पेरणीच्या तारखेसमोर ते वहीतच चिकटवून टाका. उगवण झाली नाही तर तक्रारीला तोच कागद लागतो, पावतीसकट.