उष्ण योग आणि परभणीचा उन्हाळा

खोलीचे तापमान सुमारे 40 अंश सेल्सिअसपर्यंत वाढवून 90 मिनिटे आसने करण्याची पद्धत ‘हॉट योगा’ या नावाने ओळखली जाते. कोलकात्याचे बिक्रम चौधरी यांनी 1970 नंतरच्या काळात अमेरिकेत तिचा प्रसार केला. वेळेची ओढाताण सोसणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही तिचे आकर्षण वाटते. परंतु परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. तेथे निराळ्या उष्णतेचे प्रयोजन उरत नाही.

घाम गाळल्याने शरीर शुद्ध होते, हा समज बरोबर नव्हे. ते कार्य प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडे करतात. घामाचे बाष्पीभवन शरीर थंड ठेवते. बंद व दमट खोलीत ते मंदावते आणि उष्माघाताचा धोका वाढतो. घामामुळे घटलेले वजन पाण्याचे असते. पाणी पिताच ते भरून येते.

हठयोगप्रदीपिकेनेही अतिश्रमाला योगातील बाधक मानले आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, तोही प्रयोगाच्या कसोटीवर.

विद्यार्थ्यांनी पहाटे, मोकळ्या हवेत, रिकाम्या पोटी अर्धा तास ताडासन, भुजंगासन, पवनमुक्तासन व शेवटी शवासन करावे. चक्कर किंवा मळमळ जाणवताच थांबून सावलीत बसावे व पाणी प्यावे. शुद्ध हरपत असल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंग ओल्या कापडाने पुसत राहावे. ग्रामपंचायतींनी समाजमंदिर व शिक्षकांनी शाळेचा व्हरांडा पहाटे खुला ठेवल्यास या अभ्यासास खर्च लागणार नाही.