तासाची हजेरी की महिन्याचा पगार? सही करण्याआधी हिशेब मांडू या

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वस्त्यांवर आम्ही युवकांच्या बैठका घेतो. विषय शिष्यवृत्तीचा असो की जयंतीच्या नियोजनाचा, बैठक संपल्यावर कुणीतरी मागे थांबतो आणि विचारतो, "ताई, साहेब म्हणतायत हजेरी बंद करून पगारावर घेतो. जाऊ का नको?"

घरच्यांचे उत्तर ठरलेले असते : पगारी नोकरी मिळतेय, विचार कसला करतोस? सोबत काम करणाऱ्या मित्रांचे उत्तर उलटे असते : ओटी बंद होईल, हातात कमी येतील. दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या आहेत. म्हणून हा निर्णय भावनेवर न सोडता वहीत मांडून कसा घ्यावा, ते इथे समजून घेऊ.

हजेरीचा खरा हिशेब वर्षाचा असतो

बारामतीची एमआयडीसी, तिथले टेक्स्टाइल पार्क, इंदापूरजवळची लोणी देवकर एमआयडीसी, दोन्ही तालुक्यांतले साखर कारखाने. इथे आपली बरीच मुले-मुली ठेकेदारामार्फत कामाला आहेत. आठ तासांची एक हजेरी आणि त्यापुढे तासावर ओटी, अशी पद्धत. काम असेल तर पैसा, नसेल तर घरी. कारखान्याचा गळीत हंगाम संपला की कारखान्यातल्या आणि त्यावर चालणाऱ्या कामांच्या हजेऱ्या घटतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, आपापले आकडे घालून बघा. हजेरी ५६० रुपये, म्हणजे तासाला ७० रुपये. महिन्याला २६ हजेऱ्या आणि रोज दोन तास ओटी. ठेकेदार ओटीही ७० रुपयांनीच देतो. १४,५६० अधिक ३,६४०, एकूण १८,२०० रुपये. पगारावर घेणारा म्हणतो, महिना १८,५०० देतो. फरक फक्त ३०० रुपयांचा दिसतो.

आता वर्ष मांडा. नऊ महिने असे भरभरून काम मिळाले आणि तीन महिने ओटीशिवाय १५-१५ हजेऱ्याच भरल्या, तर वर्षाचे १,८९,००० रुपये होतात. पगाराचे बारा महिन्यांचे २,२२,००० होतात. इथे पगार ३३,००० रुपयांनी पुढे आहे.

पण याच हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे. कायद्याने कामगाराला ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. तो १४० रुपयांनी मिळाला असता तर हजेरीचेही वर्षाला २,२१,७६० रुपये झाले असते, म्हणजे जवळजवळ पगाराएवढेच. तेव्हा पगार मोठा दिसतो याचे एक कारण हे, की हजेरीवर आपल्याला आपल्या हक्काचे मिळत नव्हते.

पगाराला तासांनी भागा

पगारावर गेल्यावर "आता तू आपला माणूस" असे म्हणून उशिरापर्यंत थांबवून घेणे सर्रास चालते. म्हणून दुसरा हिशेब करा. १८,५०० रुपयांना महिन्याच्या तासांनी भागा. रोज आठ तास असतील तर तासाला ८९ रुपये पडतात. दहा तास असतील तर ७१, आणि बारा तास असतील तर ५९. म्हणजे बारा तास थांबणारा सुपरवायझर तासाला आपल्या जुन्या हजेरीपेक्षा ११ रुपये कमी कमावतो. तालुक्याला जाऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाचे तर नुकसान दुहेरी होते, कारण संध्याकाळचे तास एकदा गेले की पगाराच्या कुठल्याही आकड्याने ते परत येत नाहीत.

हातात कमी आले म्हणजे गेले असे नाही

१८,५०० मध्ये मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० आणि बाकी घरभाडे वगैरे भत्ते आहेत असे धरू. फंडाला १२ टक्क्यांनी १,४४० रुपये, ईएसआयला वेतनाच्या ०.७५ टक्के आणि पुरुष कर्मचाऱ्याचा व्यवसाय कर २०० रुपये कापले जातील. हातात सुमारे १६,७०० येतील. मित्र म्हणतात ते हेच.

पण फंडाचे १,४४० आपलेच आहेत. मालकानेही तेवढेच भरायचे असतात. त्यातले सुमारे १,००० पेन्शन योजनेत आणि ४४० फंडात जातात. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा ३.२५ टक्के आहे. त्यावर कुटुंबाला औषधोपचार मिळतात, आणि आवश्यक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. स्त्री कामगाराला २६ आठवड्यांचा बाळंतपणाचा लाभ आहे. ज्यांच्या घरात एका शस्त्रक्रियेने बचत गटाचे आणि फायनान्सचे हप्ते मागे लागले, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

इथेच एक गैरसमज दूर करू. फंड आणि ईएसआय फक्त पगारी माणसाला असतात, असे नाही. फंडाचा कायदा वीस किंवा अधिक आणि ईएसआयचा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो, आणि ठेकेदाराचा कामगारही त्यात येतो. ठेकेदाराने भरले नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी राहते. हजेरी कामगाराचा फंड भरलाच जात नसेल, तर तो प्रश्न पगारावर गेल्याने आपल्यापुरता सुटतो, मागे राहिलेल्यांचा सुटत नाही.

सही करण्याआधी पाच गोष्टी बघा

पहिली, नियुक्तीपत्र कोणाच्या नावाचे आहे? कंपनीचे की दुसऱ्या ठेकेदाराचे? "पगारावर घेतो" म्हणून ठेकेदाराच्याच कागदावर घेतले, तर बदलले फक्त पैसे मिळण्याचे कोष्टक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे.

दुसरी, मुदत. नोकरी कायम आहे की ठरावीक मुदतीची? कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला नव्या संहितेत एका वर्षानंतरच तिचा हक्क आहे.

तिसरी, हुद्दा. सुपरवायझर म्हणून घेतले आणि वेतन महिना १८,००० च्या वर असेल, तर औद्योगिक संबंध संहितेत तो माणूस 'कामगार' राहत नाही. कामावरून काढताना कामगाराला असलेले संरक्षण त्याला मिळत नाही. ही रेषा संहितेच्या व्याख्येतल्या वेतनाची आहे. आपल्या उदाहरणात ते १२,००० असल्याने माणूस रेषेच्या आत राहतो. शिवाय न्यायालये हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघतात. तरीही पत्रात कामाचे स्वरूप काय लिहिले आहे, ते वाचूनच सही करा.

चौथी, पगाराची फोड. सांगितलेल्या आकड्यात मालकाचा फंडाचा वाटा धरला आहे का? धरला असेल तर आपला खरा पगार तेवढा कमी आहे. मूळ पगार फार कमी दाखवून भत्ते फुगवले असतील तर फंड आणि ग्रॅच्युइटी दोन्ही घटतात.

पाचवी, कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि रजा. हे तोंडी नको, कागदावर हवे. नव्या संहितेत वर्षात १८० दिवस काम केलेल्या कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे तर आज आपल्या हजेरीवाल्या पोरांचे दोन दिवसांचे पैसे बुडतात. रजा मिळवणे आपल्या चळवळीच्याही कामाचे आहे.

नोकरी बदलताना जुना यूएएन क्रमांकच पुढे चालवा. फंड आणि पेन्शनचे पैसे काढून मोकळे होऊ नका. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि मध्येच पैसे काढले की ती मोजणी तुटते. मालक खरेच भरतो का, हे उमंग ॲपवर पासबुक उघडून दर महिन्याला बघा.

तासांचा प्रश्न आपल्याला जुना आहे

आपल्या आजोबा-पणजोबांकडे महारकीचे वतन होते. मोबदला बलुत्याचा आणि इनामाच्या तुकड्याचा, कामाला मात्र तास नव्हते. रात्री-अपरात्री हाक आली की जायचे, घरचा कर्ता नसेल तर दुसऱ्याने जायचे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामाची मर्यादा ठरावी आणि मोबदला निश्चित व्हावा, हा त्याचा गाभा होता. ते विधेयक तडीस गेले नाही, वतने जाण्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्याच काळात, १९४६ च्या दुरुस्तीने, बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणि हंगामी कारखान्यांतले ६० वरून ५० वर आले. निश्चित मोबदला आणि तासांची मर्यादा, या दोन्ही गोष्टी त्यांनी बरोबर ठेवल्या. महिन्याचा पगार मिळतो पण सुटण्याची वेळ ठरलेली नाही, अशी नोकरी त्यातले अर्धेच देते.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्ती बघून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगले पदार्थ वाटून खाणे आणि वेळच्या वेळी रजा देणे. वेतन हे पाचांपैकी एक. बाकीचे विचारायला आपण लाजतो, ते लाजणे सोडले पाहिजे.

मग जायचे की नाही?

पत्र कंपनीचे असेल, तास लिहिलेले असतील, फंड-ईएसआय भरला जात असेल आणि तासाचा भाव आजच्या हजेरीपेक्षा वर राहत असेल, तर हातात हजार-दीड हजार कमी आले तरी जा. पत्र द्यायला टाळाटाळ होत असेल किंवा बारा तासांची सवय लावली जाणार असेल, तर घाई करू नका. चालू हजेरीवर दुप्पट ओटी आणि फंड मागणे जास्त फायद्याचे ठरेल. ती मागणी एकट्याने केली तर दुसऱ्या दिवशी गेट बंद होण्याची भीती खरी आहे. म्हणून ती पाच-दहा जणांनी मिळून, लेखी आणि कामगार संघटना किंवा कामगार कार्यालयाची मदत घेऊन करावी.

आमची एक सूचना आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास पगार-स्लिप आणि नियुक्तीपत्र वाचण्यासाठी ठेवा. ज्याला इंग्रजी वाचता येते त्याने दुसऱ्याचे वाचून दाखवावे, कॅल्क्युलेटर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. पुढच्या रविवारी येताना आपला कागद सोबत आणा.

जय भीम. नमो बुद्धाय.